घरातील दिवा आणि विश्वासू कारभारीपण

शास्त्रभाग : योहान ६:१–१३, लूक १५:८–१०.

पाठाचा उद्देश : विजेचा दिवा कसा जळतो, त्याची वीज कोठून येते व ती वाया कशी जाते, हे समजून घेऊन आपल्या घरच्या दिव्यांविषयी देवापुढे विश्वासू कारभारी होणे.

आमच्या मंडळ्यांतील वडील माणसांस कंदिलाचे दिवस अद्याप आठवतात. सायंकाळी काच राखेने पुसून स्वच्छ करावयाची, वात कात्रीने सारखी करावयाची, बाटलीतले घासलेट मोजून ओतावयाचे, आणि शास्त्रवाचन व प्रार्थना आटोपताच वात बारीक करावयाची, हा घरोघरचा नेम होता. ही काटकसर त्यांस कोणी व्याख्यान देऊन शिकविली नव्हती. तेल बाटलीत होते, ते डोळ्यांस दिसत होते, आणि ते सरले म्हणजे आठवड्याच्या बाजारापर्यंत अंधारात बसावे लागत होते. शिकविण्यास इतके पुरे होते.

आता गंगापूर, वैजापूर, पैठण, कन्नड इत्यादी तालुक्यांतील खेड्यांत विजेचे दिवे आले आहेत. ही देवाची मोठी देणगी आहे व तिच्याबद्दल आम्ही उपकार मानतो. परंतु वीज बाटलीत दिसत नाही. बटन दाबले की उजेड पडतो, आणि महिन्याच्या शेवटी एक कागद येतो, तो वाचून आपण सरकारास, महावितरणास किंवा नशिबास बोल लावतो. जे डोळ्यांस दिसत नाही ते फुकट आहे असे मनुष्यास सहज वाटू लागते. म्हणून या पाठात आम्ही न दिसणारी वीज वाचकांस दाखविण्याचा यत्न करणार आहो.

१. शास्त्र काय शिकविते?

योहानाच्या सहाव्या अध्यायात प्रभूने पाच भाकरी व दोन मासळ्या घेऊन पाच हजारांस तृप्त केले, ही गोष्ट आपल्या शब्बाथ शाळेतील लहान मुलासही ठाऊक आहे. परंतु तिच्या शेवटाकडे आपण पुरेसे लक्ष देत नाही. ज्याच्या हातात भाकरी वाढविण्याचे सामर्थ्य होते, त्यानेच जेवण झाल्यावर शिष्यांस उरलेले तुकडे गोळा करावयास लाविले, आणि बारा टोपल्या भरल्या. त्यास तुकड्यांची गरज होती काय? दुसऱ्या दिवशी तो पुन्हा भाकरी निर्माण करू शकला नसता काय? तथापि त्याने काही वाया जाऊ दिले नाही. विपुलता ही उधळेपणाची परवानगी नव्हे, हा या ठिकाणचा धडा होय. दरिद्री मनुष्य काटकसर करितो ती निरुपायाने; शिष्याने ती करावयाची ती प्रभूचा कित्ता म्हणून.

लूकच्या पंधराव्या अध्यायातील स्त्रीने हरवलेले नाणे शोधण्यासाठी दिवा लाविला. तेथे मुख्य शिक्षण हरवलेल्या पाप्याविषयी आहे, हे आम्ही विसरत नाही, आणि दृष्टांतातून ओढूनताणून दिव्याचे शास्त्र काढणार नाही. एवढेच सांगतो की तिने दिवा लाविला तो कामाकरिता. दिव्याची किंमत तो किती तेल पितो यावरून नव्हे, तर कामास किती उजेड देतो यावरून ठरते. ही गोष्ट पुढे उपयोगी पडेल.

२. जुना बल्ब वीज कोठे घालवितो?

आपल्या शहरात पाणचक्की पुष्कळांनी पाहिली असेल. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात, कित्येक किलोमीटर दूरच्या डोंगरातील झऱ्याचे पाणी मातीच्या नळांनी आणून ते चक्कीवर सोडीत, आणि पाण्याच्या जोराने धान्य दळले जाई. आता कल्पना करा की त्या नळास जागोजाग भोके पडली आहेत, आणि झऱ्यातून शंभर हंडे पाणी निघाले असता चाकावर पाचच हंडे पडत आहेत. अशा चक्कीस कोणी शहाणा मनुष्य चक्की म्हणेल काय?

पिवळ्या उजेडाचा जुना बल्ब नेमका असाच आहे. १८७९ साली अमेरिकेत एडिसनने टिकाऊ दिवा करून दाखविला, आणि त्या काळी तो मोठाच उपकार ठरला. त्याची रीत साधी आहे: काचेच्या आत एक बारीक तार असते, तीतून वीज गेली की ती सुमारे अडीच हजार अंशांपर्यंत तापून पांढरी होते व प्रकाशते. म्हणजे हा बल्ब मुळात एक चूल आहे, आणि उजेड हा त्या चुलीचा जाळ. त्यात शंभर भाग वीज घातली तर सुमारे पाच भागांचा उजेड होतो, बाकी सर्व उष्णता होऊन जाते. लागलेल्या बल्बास हात लाविला तर चटका बसतो, याचे कारण हेच. चैत्र-वैशाखाच्या उकाड्यात आपण पैसे देऊन घर तापवितो, आणि मग ते थंड करण्यास पंखा लावितो.

यानंतर वळलेल्या नळीचा दिवा आला, त्यास सीएफएल म्हणतात. त्याने वीज पुष्कळ वाचविली, परंतु त्याच्या नळीत थोडा पारा असतो. आता एलईडी दिवा आला आहे. यात तार तापत नाही. एका लहानशा स्फटिकासारख्या तुकड्यातून वीज जाताच त्यातून सरळ निळा उजेड निघतो, आणि त्यावर दिलेल्या पिवळ्या लेपामुळे तो आपणांस पांढरा दिसतो. तांबडा उजेड देणारा असा तुकडा १९६२ सालीच झाला होता. परंतु निळा उजेड साधण्यास पुढे कित्येक वर्षे लागली, आणि त्यावाचून पांढरा उजेड होत नव्हता. ते काम करणारे आकासाकी, आमानो व नाकामुरा या तिघांस २०१४ साली नोबेल पारितोषिक देण्यात आले. साठ वॉटच्या जुन्या बल्बाइतका उजेड आज नऊ वॉटचा एलईडी दिवा देतो. जुना बल्ब सुमारे एक हजार तास टिकतो. चांगला एलईडी दिवा पंधरा हजार तास व त्याहूनही अधिक टिकू शकतो.

३. घरच्या दिव्यांचा हिशेब

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा हिशेब करावा, असे प्रभूने लूकच्या चौदाव्या अध्यायात सुचविले आहे. आपणही बसून हिशेब करू. एक हजार वॉटचे यंत्र एक तास चालले म्हणजे एक युनिट वीज होते. एका घरात साठ वॉटचे चार बल्ब आहेत व प्रत्येक रोज पाच तास जळतो, असे समजा. रोजची वीज १.२ युनिट, आणि तीस दिवसांची ३६ युनिट होते. त्याच ठिकाणी नऊ वॉटचे चार एलईडी दिवे लाविले तर तीस दिवसांची वीज ५.४ युनिट होते. बचत ३०.६ युनिट.

विजेचा दर ज्याने त्याने आपल्या बिलावर पाहावा. हिशेबास सोपे म्हणून युनिटला सात रुपये धरले, तर महिन्यास सुमारे २१४ रुपये, आणि वर्षास अडीच हजारांहून अधिक रुपये वाचतात. दुसरी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. घरगुती बिलात पहिल्या शंभर युनिटांस दर कमी असतो, व शंभरावरील युनिटांस तो चढतो. म्हणून ज्याचे युनिट शंभरावर जातात, त्याची बचत महाग युनिटांतून आधी होते.

एका दिव्यापुरते पाहिले तर महिन्यास सुमारे साडेसात युनिट, म्हणजे वरील दराने पन्नासांवर रुपये वाचतात. दिव्यास शंभर रुपये पडले तरी दोन महिन्यांत तो आपली किंमत परत देतो. ही किंमत पूर्वी मोठी होती. ५ जानेवारी २०१५ रोजी केंद्र सरकारने उजाला योजना आरंभिली, आणि एनर्जी एफिशियन्सी सर्व्हिसेस लिमिटेड या सरकारी कंपनीने दिवे एकदम मोठ्या संख्येने विकत घेतले. त्यामुळे जो दिवा २०१४ च्या आरंभी घाऊक खरेदीत ३१० रुपयांस पडत होता, तो २०१६ मध्ये ३८ रुपयांपर्यंत उतरला. त्या योजनेने देशात ३६ कोटींहून अधिक दिवे वाटले गेले. पुष्कळांनी एकत्र होऊन मागणी केली म्हणजे गरिबाचा भार हलका होतो, याचे हे चांगले उदाहरण आहे. आमच्या मंडळ्यांनीही, दहा-बारा घरांनी मिळून, दिव्यांची पेटी घाऊक दुकानातून एकदम आणावी. ज्या घरास एकदम पैसे देणे जमत नाही, त्याने वाचलेल्या बिलातून दोन-तीन महिन्यांत ते फेडावे.

४. ही वीज येते कोठून?

पैशाचा हिशेब झाला. परंतु आम्हांस सांगावयाचे मुख्य ते पुढेच आहे. बिल मी भरितो, मग मी कितीही दिवे जाळीन, तुम्हांस काय त्याचे, असे म्हणणारा मनुष्य आपल्या मंडळीतही असतो. त्याचे उत्तर पैशाच्या हिशेबात सापडत नाही.

आपल्या मराठवाड्यात, बीड जिल्ह्यात, परळी येथे कोळशावर वीज करण्याचे मोठे केंद्र आहे. कोळसा दूरच्या खाणींतून आगगाडीने येतो. तो जाळून पाण्याची वाफ करितात, वाफेने चक्रे फिरतात, आणि ती वाफ निवविण्यास पुन्हा पाणी लागते. ते पाणी गोदावरीवरील खडका बंधाऱ्यातून येते. २०१३ सालच्या दुष्काळात पाणी नसल्यामुळे परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले, आणि २०१५ साली पुन्हा तसेच झाले. पुढल्या वर्षी, एप्रिल २०१६ मध्ये, लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी पाजावे लागले. हे आपण सर्वांनी पाहिले आहे. त्या दिवसांत आमच्या बहिणी डोक्यावर हंडा घेऊन टँकरची वाट पाहत उभ्या होत्या.

डिसेंबर २०१५ मध्ये केंद्र सरकारने जुन्या औष्णिक केंद्रांस नियम घालून दिला की एका युनिटामागे साडेतीन लिटरांहून अधिक पाणी खर्च होऊ नये. तितकेच पाणी धरले, तर वर सांगितलेल्या घराची ३०.६ युनिटांची बचत म्हणजे सुमारे १०७ लिटर पाणी, पंधरा लिटरांचे सात हंडे, आणि त्याबरोबर सुमारे वीस किलो कोळसा. अशी पन्नास घरे एका गावात असतील, तर महिन्यास पाच हजार लिटरांवर पाणी होते, म्हणजे पाण्याचा एक लहान टँकर.

येथे खरे तेच सांगितले पाहिजे. आपल्या घरची वीज नेमकी परळीचीच असते असे नाही. सर्व केंद्रांची वीज एका जाळ्यात येते, आणि त्यात धरणांची, वाऱ्याची व सूर्याचीही असते. तसेच दिवा बदलला म्हणून उद्या आपल्या आडात सात हंडे पाणी चढणार नाही. परंतु आपण वाया घालविलेल्या विजेसाठी कोठे तरी कोळसा जळतो, कोठल्या तरी नदीचे पाणी उडून जाते, आणि ते ज्याच्या वाट्याचे होते तो मनुष्य आपला शेजारी आहे. बिल भरल्याने विजेची किंमत फिटते. शेजाऱ्याच्या तहानेचे देणे त्याने फिटत नाही.

५. काही शंका व त्यांची उत्तरे

‘चालू असलेला बल्ब टाकून देणे हीच उधळपट्टी नव्हे काय?’ ही शंका काटकसरी मनुष्याची आहे व ती आदराने ऐकली पाहिजे. जुना बल्ब फेकू नये. त्याची जागा बदलावी. जो दिवा सर्वांत अधिक वेळ जळतो तो आधी बदलावा: ओटीवरचा, स्वयंपाकाचा, मुलांच्या अभ्यासाचा, आणि रात्रभर जळणारा दारावरचा. निघालेला बल्ब अडगळीच्या खोलीत लावावा, जेथे तो दिवसातून पाच मिनिटेच लागतो. कोंबडीच्या लहान पिलांस ऊब देण्यासाठी पुष्कळ जण जुना बल्बच लावितात, आणि ते योग्य आहे. तेथे उष्णता हेच काम आहे, म्हणून ती वाया जात नाही.

‘उपासनामंदिराचे दिवे आधी बदलावे काय?’ पाहून ठरवावे. आतील दिवे आठवड्यातून दोन-चार तास जळत असतील, तर ते मागाहून बदलले तरी चालतील. परंतु बाहेरचा साठ वॉटचा दिवा रोज अकरा तास जळत असेल, तर तो एकटाच महिन्यास जवळजवळ वीस युनिट खातो. नऊ वॉटच्या दिव्यास तीनच युनिट पुरतात. नाताळात घराघरांवर तारा टांगितात, त्यातही एलईडी दिवा घालावा. कागदाच्या ताऱ्यात तापणारा बल्ब ठेवणे हे खर्चाचेच नव्हे, तर आगीच्या भयाचेही काम आहे.

‘आमच्याकडे दोनच दिवे, त्यांनी काय होणार?’ विधवेने भांडारात दोनच नाणी टाकिली होती, आणि प्रभूने ती मोजली.

‘आमची वीज आकड्यावरची आहे, आम्हांस बिलच येत नाही.’ हे वाक्य ख्रिस्ती मनुष्याच्या तोंडी येऊ नये. तारेवर आकडा टाकणे ही चोरी होय. सर्व गाव करितो म्हणून ती चोरी नाहीशी होत नाही. शिवाय ओल्या दिवसांत ती प्राणावर बेतते. एलईडी दिव्यांनी बिल इतके उतरते की, मीटर घेऊन प्रामाणिकपणे वीज वापरणे आता पुष्कळ गरीब घरांसही साधण्यासारखे आहे. असे घर मंडळीत असेल तर पंचांनी त्यास लाजवू नये. त्याच्याबरोबर वीज कचेरीत जावे, अर्ज भरण्यास मदत करावी, आणि पहिले दोन दिवे भेट द्यावे.

६. दिवा घेताना व लाविताना

अगदी स्वस्त, नावगाव नसलेला दिवा घेऊ नये; तो लवकर विझतो, आणि मग लोक सर्वच एलईडी दिव्यांस नावे ठेवितात. खोक्यावर वॉट किती व ल्युमेन किती ते वाचावे. वॉट म्हणजे दिवा किती खातो, आणि ल्युमेन म्हणजे तो किती देतो. वॉट थोडे व ल्युमेन अधिक असा दिवा चांगला. ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोचे तारे खोक्यावर असतात. तारे अधिक, तितकी वीज कमी. दुकानदाराकडून पावती घ्यावी आणि खोक्यावर तारीख लिहून ते जपून ठेवावे, म्हणजे मुदतीच्या आत दिवा विझल्यास बदलून मागता येतो.

दिवा बदलताना बटन बंद करावे, जुना बल्ब निवू द्यावा, आणि ओल्या हाताने किंवा ओल्या जमिनीवर उभे राहून होल्डरास हात लावू नये. सीएफएल फुटल्यास दारे-खिडक्या उघडून मुलांस बाहेर काढावे, थोड्या वेळाने तुकडे जाड कागदाने उचलावे, हाताने किंवा केरसुणीने नव्हे. आणि ते आडात, नदीत किंवा चुलीत टाकू नयेत.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. दिवा थोडी वीज खातो म्हणून तो रात्रंदिवस जळत ठेवला, तर वाचलेले पुन्हा गळून जाते. कंदिलाची वात बारीक करणारा आजीचा हात आता बटनाकडे गेला पाहिजे. खोलीतून बाहेर पडणाराने दिवा मालवावा, हा नियम घरातील लहानात लहान मुलास सोपवावा. मुले तो मोठ्यांहून अधिक निष्ठेने पाळतात.

उपदेशकांस सूचना

हा पाठ घरगुती प्रार्थनेच्या वेळी शिकवावा. सोबत एक जुना बल्ब, एक एलईडी दिवा व कोणाचे तरी विजेचे बिल न्यावे. बिलावरील नाव व थकबाकी मात्र चारचौघांत वाचू नये. दोन्ही दिवे दहा मिनिटे लावून बंद करावे, आणि हात जवळ नेऊन कोणता किती तापला हे श्रोत्यांस पाहू द्यावे. हा अनुभव लांब भाषणापेक्षा अधिक शिकवील. पुढील प्रश्न विचारावे:

१. प्रभूने उरलेले तुकडे का गोळा करविले?
२. आपल्या घरात सर्वांत अधिक वेळ जळणारा दिवा कोणता, आणि तो किती वॉटचा आहे?
३. बिल भरले म्हणजे वीज वाया घालविण्याचा अधिकार मिळतो काय?
४. वाचलेल्या पैशाचा उपयोग आपण कशासाठी करू: कर्ज फेडण्यास, मुलांच्या पुस्तकांस, की एखाद्या शेजाऱ्याच्या गरजेस?

प्रार्थना

हे प्रकाशाच्या पित्या, तू आम्हांस दिवसासाठी सूर्य दिलास आणि रात्रीसाठी मनुष्याच्या हाताने दिवाही दिलास, म्हणून आम्ही तुझे आभार मानतो. आमच्या घरात जे वाया जाते ते आम्हांस दिसू दे. आमच्या सुखामुळे आमच्या शेजाऱ्याचे पाणी आटू नये, असे मन आम्हांस दे. ज्या घरात अद्याप नीट उजेड नाही, तेथे तो पोहोचविण्यास आम्हांस साहाय्य कर. आमच्या प्रभू येशू ख्रिस्ताच्या द्वारे ऐक. आमेन.